वांशिक अल्पसंख्याकांना विद्यापीठ-प्रवेशात प्राधान्य आणि संविधानातील समता : अमेरिकी न्यायनिर्णय कसे अभ्यासावेत

अमेरिकेतील विद्यापीठांनी कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा मूलनिवासी विद्यार्थ्यांना प्रवेशात दिलेले प्राधान्य तिथल्या संविधानात बसत होते का, या प्रश्नावर मत मांडणारे बहुतेक जण उत्तर आधी ठरवतात आणि निकालपत्रे नंतर चाळतात. ‘समता’ हा शब्द दोन्ही बाजूंना सारखाच प्रिय असल्यामुळे तो उच्चारल्याने वाद मिटत नाही. खरे तर तो तिथूनच सुरू होतो. या विषयावर निबंध लिहिणाऱ्या, वादविवादात उतरणाऱ्या किंवा कायद्याचा अभ्यास करणाऱ्या वाचकासाठी पुढे एक पद्धत मांडली आहे. प्रवेशाची यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालत होती हे आधी पूर्ण समजून घ्यावे आणि संविधानाचे तत्त्व त्यानंतर तिला लावून पाहावे, एवढेच तिचे सूत्र आहे. हा क्रम उलटला की वाचक आपल्याच मताची पुष्टी शोधत राहतो.

वाचायला बसण्यापूर्वी ‘आरक्षण’ हा आपल्या परिचयाचा शब्द थोडा बाजूला ठेवावा. वंचित समूहांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देणारे स्पष्ट कलम अमेरिकेच्या संविधानात नाही. तिथे आधार आहे तो 1868 साली संमत झालेल्या चौदाव्या दुरुस्तीतील एका वाक्याचा: कोणत्याही राज्याने आपल्या अधिकारक्षेत्रातील कोणत्याही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये. या वाक्यात वंशाचा उल्लेखच नाही. गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धानंतर, मुक्त झालेल्या माणसांच्या संरक्षणासाठी लिहिलेले हे वाक्य ‘कोणतीही व्यक्ती’ असे म्हणते, आणि पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या दोन गोष्टींमधल्या अंतरात आहे. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, कारण प्रत्येक निकालपत्र वाचताना पुन्हा त्याच्याकडे यावे लागते.

प्रतिवादी कोण आहे, हे पाहावे

समान संरक्षणाचे कलम सरकारवर बंधन घालते. त्यामुळे राज्याच्या विद्यापीठाला ते थेट लागू होते, खाजगी विद्यापीठाला होत नाही. खाजगी संस्थेच्या बाबतीत 1964 च्या नागरी हक्क कायद्याचा सहावा विभाग पुढे येतो. संघराज्याचा निधी घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ यांच्या आधारे भेदभाव करू नये, असे तो सांगतो. 2023 मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांविरुद्धचे खटले एकत्र निकाली निघाले, पण हार्वर्डवर हा कायदा लागू होता आणि नॉर्थ कॅरोलायनावर संविधान. न्यायालयाने दोन्हींची कसोटी एकच मानली, म्हणून हा फरक सहज नजरेतून सुटतो. तिसरी शक्यता राज्याच्या स्वतःच्या कायद्याची असते. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1996 मध्ये आणि मिशिगनच्या मतदारांनी 2006 मध्ये सार्वजनिक विद्यापीठांतील वांशिक प्राधान्यावर बंदी घातली, आणि अशी बंदी घालण्याचा मतदारांना अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मिशिगनच्या बाबतीत मान्य केले.

यंत्रणा आकड्यांसह मांडावी

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. तिचे महत्त्व कळण्यासाठी 1974 च्या डीफ्यूनिस विरुद्ध ओडेगार्ड या खटल्यापासून सुरुवात करणे मला सर्वांत उपयुक्त वाटते, जरी त्यात न्यायालयाने मूळ प्रश्नाचा निकालच दिला नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाकडे 1971 मध्ये सुमारे 150 जागांसाठी 1600 च्या आसपास अर्ज आले होते. पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांतील गुण आणि प्रवेशपरीक्षेतील गुण एकत्र करून प्रत्येक अर्जदाराची ‘पहिल्या वर्षाची अपेक्षित सरासरी’ काढली जात असे. साधारणपणे 77 च्या वरचे अर्ज आले तसे विचारात घेतले जात, तर 74.5 च्या खालचे बहुतेक अर्ज समितीपर्यंत न जाता नाकारले जात. कृष्णवर्णीय, मेक्सिकन-अमेरिकन, मूलनिवासी आणि फिलिपिनो अर्जदारांचे अर्ज मात्र वेगळे काढून त्यांची तुलना आपसांतच केली जाई. मार्को डीफ्यूनिस या गोऱ्या अर्जदाराची सरासरी 76.23 होती आणि त्याला प्रवेश नाकारला गेला. अल्पसंख्याक गटातील 37 जणांना प्रवेश देऊ केला गेला, त्यांपैकी 36 जणांची सरासरी त्याच्यापेक्षा कमी होती.

इथे थांबणारा वाचक संतापतो आणि मत बनवून मोकळा होतो. म्हणून इथे थांबू नये. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्या भिन्नमतात आणखी काही आकडे आहेत. अल्पसंख्याक नसलेल्या 48 अर्जदारांनाही डीफ्यूनिसपेक्षा कमी सरासरी असताना प्रवेश मिळाला होता. त्यांपैकी 23 जण लष्करी सेवेतून परतलेले पूर्वीचे प्रवेशपात्र उमेदवार होते आणि उरलेल्या 25 जणांच्या अर्जांत इतर काही जमेच्या बाजू दिसल्या असाव्यात. शिवाय त्याच्यापेक्षा अधिक सरासरी असलेल्या अल्पसंख्याकेतर 29 जणांना नकार मिळाला होता. म्हणजे सरासरी हा प्रवेशाचा एकमेव निकष कधीच नव्हता. प्राधान्य नसते तर ती जागा डीफ्यूनिसलाच मिळाली असती, असे या आकड्यांवरून खात्रीने म्हणता येत नाही. आणि तरीही अर्जांचे दोन वेगळे गठ्ठे केले जात होते, ही वस्तुस्थिती या युक्तिवादाने पुसली जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवता आल्या, तर ही पायरी साधली असे समजावे.

कोणतीही प्रवेशयोजना अभ्यासताना म्हणूनच काही प्रश्नांची उत्तरे वहीत उतरवावीत. एकूण जागा किती आणि अर्ज किती? वंशाचा विचार नेमका कोणत्या टप्प्यावर होतो: चाळणीच्या वेळी, गुण देताना, की अंतिम यादी जुळवताना? वेगळा गट आहे का, आणि त्या गटात गोरा पण गरीब विद्यार्थी जाऊ शकतो का? वंशाखेरीज आणखी कोणाला झुकते माप मिळते? शेवटचा प्रश्न विसरला जातो, पण माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांची मुले आणि खेळाडू यांना मिळणारे प्राधान्य पाहिल्याशिवाय ‘गुणवत्ता’ या शब्दाचा त्या संस्थेतला अर्थ कळत नाही.

डीफ्यूनिस खटल्याचा शेवटही शिकण्यासारखा आहे. खालच्या न्यायालयाच्या आदेशाने त्याला प्रवेश मिळाला होता, आणि सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा तो अभ्यासक्रमाच्या अखेरच्या टप्प्यात पोहोचला होता. विद्यापीठ त्याला ते सत्र पूर्ण करू देणार असल्यामुळे वाद उरलेलाच नाही, असे 5 विरुद्ध 4 मतांनी ठरले. डग्लस यांनी मात्र मूळ प्रश्नावर मत नोंदवले. प्रत्येक अर्जदाराचा विचार व्यक्ती म्हणून आणि वंशनिरपेक्ष रीतीने झाला पाहिजे, असे सांगतानाच त्यांनी प्रवेशपरीक्षा स्वतः तरी वंशनिरपेक्ष आहे का, अशी शंका घेतली. ज्या विद्यार्थ्याने दारिद्र्यातून वाट काढत पदवी मिळवली आहे त्याची क्षमता त्या वाटेच्या संदर्भात मोजावी, हेही त्यांनी म्हटले. प्राधान्याचे विरोधक त्यांचे पहिले विधान उद्धृत करतात आणि समर्थक दुसरे; पूर्ण मत वाचल्यावर मात्र त्या न्यायमूर्तींना दोन्ही तितक्याच गांभीर्याने म्हणायचे होते हे दिसते.

मते मोजावीत

निकाल ‘कोण जिंकले’ एवढ्यावरून समजत नाही. 1978 चा बॅकी खटला हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात 100 पैकी 16 जागा विशेष योजनेसाठी बाजूला ठेवलेल्या होत्या. योजनेच्या वर्णनात आर्थिक-शैक्षणिक प्रतिकूलतेचाही उल्लेख होता, पण वंचित असलेल्या अनेक गोऱ्या अर्जदारांपैकी एकालाही तिच्यातून प्रवेश मिळाला नव्हता. चार न्यायमूर्तींच्या मते ही योजना नागरी हक्क कायद्याचा भंग करत होती. दुसऱ्या चौघांच्या मते ती पूर्णपणे वैध होती. न्यायमूर्ती लुईस पॉवेल मधोमध उभे राहिले: राखीव जागा अवैध, पण इतर अनेक घटकांसोबत वंशाचा विचार करणे वैध. पहिल्या भागासाठी त्यांना एका चौघांची साथ मिळाली आणि दुसऱ्या भागासाठी दुसऱ्या चौघांची. विविधतापूर्ण विद्यार्थीवर्गामुळे शिक्षण समृद्ध होते, हे त्यांचे समर्थन त्या भागापुरते त्यांचे एकट्याचे होते. तरीही पुढची पंचवीस वर्षे विद्यापीठांनी आपल्या योजना त्यावर उभ्या केल्या. म्हणून निकालपत्राच्या प्रत्येक भागाशेजारी त्याला किती न्यायमूर्तींची संमती होती तो आकडा समासात लिहीत जावे.

हेतू आणि साधन वेगळे तपासावेत

सरकारने माणसांची वंशावरून वर्गवारी केली की न्यायालय ‘कठोर छाननी’ लावते. त्या छाननीत दोन प्रश्न असतात. हेतू इतका निकडीचा आहे का, की त्यासाठी वंशाचा आधार घेणे क्षम्य ठरावे? आणि निवडलेले साधन त्या हेतूपुरतेच नेमके बेतलेले आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र मिसळली की विश्लेषण कोसळते, आणि चांगल्या निबंधांतही ही चूक आढळते.

हेतूंच्या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. सामान्य माणसाला प्राधान्याचे सर्वांत सरळ कारण विचारले तर तो इतिहासातील अन्यायाची भरपाई असे सांगेल. पॉवेल यांनी नेमका तोच आधार नाकारला: समाजात सर्वत्र पसरलेल्या भेदभावाची भरपाई हा हेतू फार ढोबळ आहे, संस्थेने स्वतः केलेला भेदभाव सिद्ध झाला असेल तरच भरपाईचा प्रश्न येतो, असे त्यांनी म्हटले. त्यामुळे विद्यापीठांना न्यायाची भाषा सोडून विविधतेची भाषा बोलावी लागली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला त्याच्या समाजावर जे लादले गेले त्यासाठी नव्हे, तर त्याच्या उपस्थितीमुळे इतरांचे शिक्षण सुधारते म्हणून जागा द्यायची, असा त्याचा अर्थ झाला. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी त्याच खटल्यातील स्वतंत्र मतात गुलामगिरीपासूनचा इतिहास का मांडला, हे या पार्श्वभूमीवर उमगते. ते मत पूर्ण वाचावे.

साधनाचा प्रश्न समजून घेण्यासाठी मिशिगन विद्यापीठाविरुद्धचे, एकाच दिवशी म्हणजे 23 जून 2003 रोजी निकाली निघालेले दोन खटले समोरासमोर ठेवावेत. पदवी अभ्यासक्रमात 150 गुणांच्या मोजपट्टीवर 100 गुण मिळाले की प्रवेश निश्चित होई आणि अल्प प्रतिनिधित्व असलेल्या अल्पसंख्याक अर्जदाराला आपोआप 20 गुण मिळत. अर्जासोबतचा निबंध कितीही उत्कृष्ट असला तरी त्याला 3 गुणांपलीकडे जाता येत नसे. भरती केलेल्या खेळाडूला मात्र तेच 20 गुण होते. ग्रॅट्झ खटल्यात ही यांत्रिक पद्धत 6 विरुद्ध 3 मतांनी रद्द झाली. विधी महाविद्यालयात ठरीव गुण नव्हते, प्रत्येक अर्जाचे समग्र वाचन होते. ग्रटर खटल्यात ती पद्धत 5 विरुद्ध 4 मतांनी टिकली. न्यायमूर्ती सॅन्ड्रा डे ओ’कॉनर यांनी बहुमताचा निकाल लिहिताना, पंचवीस वर्षांनी अशा प्राधान्याची गरज उरणार नाही अशी अपेक्षाही व्यक्त केली.

या जोडीतून साधा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो: उघड आकडा वाईट, झाकलेला विचार चांगला. भिन्नमते नेमके हेच टोचून दाखवतात. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी ग्रॅट्झमध्ये लिहिले की, प्रामाणिकपणे जाहीर केलेली योजना ही आडून तेच साधणाऱ्या योजनेपेक्षा बरी. मुख्य न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी ग्रटरमध्ये, प्रत्येक गटाच्या अर्जदारांचे प्रमाण आणि प्रवेश मिळालेल्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे किती जुळते हे तक्त्यांतून दाखवले. न्यायमूर्ती केनेडी यांनी प्रवेशाच्या अखेरच्या काळात दररोज वांशिक गोषवारे तपासले जात असल्याकडे लक्ष वेधले. विचारांची दिशा परस्परविरुद्ध असलेली ही मते वस्तुस्थितीच्या एकाच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात, हे नोंदवून ठेवावे.

2023 चा निकाल कसा वाचावा

29 जून 2023 च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी दोन्ही विद्यापीठांच्या योजना अवैध ठरवल्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या बाबतीत 6 विरुद्ध 3, आणि न्यायमूर्ती केटानजी ब्राउन जॅक्सन हार्वर्डच्या प्रकरणातून बाजूला राहिल्यामुळे तिथे 6 विरुद्ध 2. त्यातील कारणे वेगवेगळी काढून प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा, कारण सगळी सारख्या ताकदीची नाहीत. उद्याचे नेते घडवणे यांसारखी उद्दिष्टे न्यायालयाला मोजता येत नाहीत, हे एक कारण. दुसरे वर्गवारीचे: पूर्व आणि दक्षिण आशियातील सर्वांना ‘आशियाई’ या एकाच खान्यात टाकायचे आणि मध्यपूर्वेतील विद्यार्थ्यांना कुठे बसवायचे हे ठरलेलेच नाही, अशा ढोबळ खान्यांनी विविधता कशी मोजणार? माझ्या मते हा आक्षेप निकालातील सर्वांत भक्कम भाग आहे आणि समर्थकांनी त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिसरे असे की, जागा मर्यादित असताना एकाला दिलेले झुकते माप दुसऱ्याचे नुकसान ठरते. हार्वर्डच्या योजनेमुळे प्रवेश मिळालेल्या आशियाई-अमेरिकनांची संख्या 11.1 टक्क्यांनी घटल्याचा, खालच्या न्यायालयाने नोंदवलेला आकडा इथे येतो. वंशावरून विचारसरणीचे अनुमान केले जाते आणि योजनांना शेवट नाही, ही उरलेली कारणे.

याच निकालात एक वाक्य आहे, जे वगळले तर निकालाचा अर्थ चुकतो. वंशाने आपल्या आयुष्यावर काय परिणाम केला हे अर्जदाराने लिहिले, तर विद्यापीठाने ते विचारात घ्यायला हरकत नाही. मात्र श्रेय त्या व्यक्तीच्या धैर्याला, निर्धाराला किंवा क्षमतेला द्यायचे, वंशाला नाही. हे वाक्य दार उघडते की नुसती फट ठेवते, यावर मत देताना त्याच्या पुढचे वाक्यही वाचावे, कारण निबंधाच्या आडून जुनी योजना चालवता येणार नाही असा इशारा तिथे आहे.

वंशाचे नाव न घेता तोच परिणाम साधणाऱ्या योजना वेगळ्या खान्यात ठेवाव्यात. 1996 मध्ये संघीय अपील न्यायालयाने टेक्सासमध्ये वांशिक प्राधान्य बंद केल्यावर त्या राज्याने 1997 मध्ये कायदा केला आणि प्रत्येक शाळेतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठात प्रवेशाची हमी दिली. या कायद्याला वैविध्य लाभते ते शाळाच वंशानुसार विभागलेल्या असल्यामुळे, ही गोष्ट मनाला लागते. मूलनिवासी जमातींचा प्रश्नही निराळा आहे: 1974 च्या मॉर्टन विरुद्ध मॅनकारी या निकालात, नोकरीतील त्यांच्या प्राधान्याच्या संदर्भात, मान्यताप्राप्त जमातीचे सदस्यत्व ही वांशिक नव्हे तर राजकीय ओळख मानली गेली.

समतेचे दोन अर्थ ओळखून मगच मत लिहावे

एवढे झाल्यावर तत्त्वाकडे यावे. एका अर्थाने समता म्हणजे राज्याने माणसांची वंशावरून वर्गवारी करूच नये. वांशिक विभाजन वैध ठरवणाऱ्या 1896 च्या प्लेसी खटल्यातील भिन्नमतात न्यायमूर्ती हार्लन यांनी आपले संविधान वर्णांध आहे असे म्हटले, ते या अर्थाचे बोधवाक्य झाले. दुसऱ्या अर्थाने समता म्हणजे कोणत्याही समूहाला कायद्याने कनिष्ठ स्थानी ढकलू नये. त्या दृष्टीने अपमान करण्यासाठी केलेली वर्गवारी आणि अपमान पुसण्यासाठी केलेली वर्गवारी या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. दोन्ही बाजू सरकारी शाळांतील वांशिक विभाजन अवैध ठरवणाऱ्या 1954 च्या ब्राउन निकालाला आपला पूर्वज मानतात आणि त्याच्या वेगवेगळ्या ओळींवर बोट ठेवतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी चौदावी दुरुस्ती मांडणाऱ्या संसदेनेच मुक्त गुलामांसाठी विशेष साहाय्याचे कायदे केल्याचे दाखवले, तर न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी ते कायदे वंशासाठी नव्हे, ‘मुक्त झालेली व्यक्ती’ या दर्जासाठी होते असे उत्तर दिले. ही दोन मते एका बैठकीत, एकापाठोपाठ वाचावीत.

मत लिहिताना विद्यार्थ्याचा नेमका कोणता हक्क डावलला गेला, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ठरावीक महाविद्यालयात जागा मिळण्याचा हक्क कोणालाच नव्हता. इतरांइतक्याच आस्थेने आपला विचार व्हावा, हा हक्क सर्वांना होता. मग ज्याची उंची किंवा गाव पाहून त्याला मागे ठेवले आणि ज्याचा वंश पाहून मागे ठेवले, त्या दोघांच्या दुखावण्यात फरक आहे का, आणि ज्या समूहाच्या हाती सत्ता आहे त्याने स्वतःवरच भार घेतला तर तो फरक कमी होतो का, हे प्रश्न टाळता येत नाहीत. आशियाई-अमेरिकन अर्जदार या मांडणीत सत्ताधारी समूहात बसत नाहीत, हेही तिथेच लिहावे.

शेवटी निकालाची व्याप्ती तपासावी: तो कोणत्या संस्थांना, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या टप्प्याला लागू आहे. 2023 च्या निकालाने लष्करी अकादमींबाबत मत दिले नाही. त्यांचे हितसंबंध वेगळे असू शकतात एवढे सांगून तो प्रश्न बहुमताने एका तळटीपेत उघडा ठेवला आहे, आणि न्यायमूर्ती जॅक्सन यांच्या भिन्नमतातील सर्वांत धारदार टीकेपैकी एक त्या तळटीपेवरच आहे.